स्तनपानोत्तर गुळणी : प्राकृत कोणती, वैकृत कोणती?

शिर्डीस येणाऱ्या यात्रेकरूंमध्ये तान्ह्या बाळांची संख्या नेहमीच मोठी असते. कोणी नवस फेडण्यासाठी येतो, कोणी बाळाला प्रथमच समाधीच्या पायऱ्यांवर ठेवण्यासाठी येतो. रात्रभराचा प्रवास, पहाटेच्या काकड आरतीची घाई, दर्शनरांगेतील दीर्घ प्रतीक्षा आणि अनोळखी निवासस्थान यांत बाळाच्या स्तनपानाचे वेळापत्रक कोलमडते. मग आईच्या खांद्यावरील दुपट्यावर दह्यासारखा पांढरा ओघळ दिसतो, सोबतची वडीलधारी मंडळी काळजीत पडतात आणि आपल्यापैकी एखाद्याच्या चिकित्सालयात ते वाक्य ऐकू येते : ‘‘वैद्यराज, बाळ प्यालेले सगळे दूध टाकते. पोटात काही ठरतच नाही.’’

हे वाक्य यात्रेकरूंपुरते मर्यादित नाही. राहाता तालुक्यातील शेतकरी कुटुंबातली सून, शिर्डीत हार-फुले विकणारी माता, हॉटेलात काम करणारी भगिनी, या सर्वांच्या तोंडी ते असते. त्यावर आपण काय उत्तर देतो, याला महत्त्व आहे. कारण या एकाच तक्रारीच्या एका टोकाला पूर्णपणे निरोगी, हसरे बाळ असते, आणि दुसऱ्या टोकाला काही तासांत ज्याच्या आतड्यांचे व पर्यायाने प्राणांचे भवितव्य ठरणार आहे असे बाळ असते. पहिल्याला औषध देणे अनावश्यक आहे आणि दुसऱ्याला आपल्याकडे थांबवून ठेवणे घातक आहे. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

गुळणी आणि छर्दी

लोकभाषेने हा भेद फार पूर्वीच केला आहे. ‘बाळाने गुळणी टाकली’ आणि ‘बाळाला ओकारी झाली’ ही दोन वाक्ये कोणतीही अनुभवी आजी समानार्थी मानत नाही. गुळणीत दूध विनासायास ओठांच्या कडेने ओघळते. पोटाचे स्नायू आवळले जात नाहीत, चेहरा पिळवटत नाही, आणि गुळणी टाकून झाल्यावर बाळ पूर्ववत खेळते वा झोपी जाते. छर्दीत मात्र वेग असतो, कुंथणे असते, बाळाला क्लेश होतात आणि त्यानंतर ग्लानी येते.

गुळणीचे कारण शरीररचनेत आहे. अन्ननलिका व आमाशय यांच्या संधीवरील झडपेसारखा स्नायू नवजात अवस्थेत वारंवार सैल पडतो. अन्ननलिका आखूड असते, आहार सर्वस्वी द्रव असतो आणि दिवसाचा बहुतेक काळ बाळ आडवे असते. भरलेल्या आमाशयावर जरा दाब आला की दूध वर येते. शास्त्रीय परिभाषेत सांगायचे तर बाल्यावस्था ही कफप्रधान, आहार द्रव व स्निग्ध, अग्नी मृदू आणि वायूची अनुलोमगती अद्याप स्थिर होत असलेली, अशी ही अवस्था आहे. सुश्रुताचार्यांनी पहिल्या वर्षातील बालकास ‘क्षीरप’ म्हटले आहे, आणि गुळणीचा काळही साधारणतः हाच आहे.

आधुनिक निरीक्षणांनुसार गुळणी बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत सुरू होते, चौथ्या महिन्याच्या सुमारास तिचे प्रमाण सर्वाधिक असते आणि बाळ बसू लागले, घन आहार घेऊ लागले की ती ओसरू लागते. वर्ष पूर्ण होईपर्यंत सुमारे नव्वद टक्के बालकांत ती आपोआप थांबते. पहिल्या तीन-चार महिन्यांत जवळजवळ निम्मी बालके दिवसातून एकदा तरी गुळणी टाकतात. निम्म्या बालकांत आढळणाऱ्या गोष्टीला रोग म्हणण्यापूर्वी वैद्याने थोडे थांबले पाहिजे.

बाहेर पडलेले दूध फाटलेले, दह्यासारखे दिसते म्हणून माता घाबरतात. आमाशयातील अम्लाशी संयोग झाल्यावर दूध फाटणे हा पचनाचाच भाग आहे, हे त्यांना समजावून सांगावे. ‘सगळेच दूध टाकले’ या समजुतीचे निरसन तर प्रत्यक्ष दाखवूनच करावे. एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर पाणी दुपट्यावर ओतावे. त्याचा डाग केवढा पसरतो हे पाहिल्यावर आईच्या चेहऱ्यावरील अर्धी चिंता दूर होते.

ग्रंथांतील दृष्टी

काश्यपसंहिता हा कौमारभृत्याचा आपला प्रमुख उपलब्ध ग्रंथ. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून तो प्रकाशित झाला. त्यातील वेदनाध्यायाचा विषयच मुळी असा आहे की, जे बोलू शकत नाही त्या बालकाची वेदना वैद्याने कशी ओळखावी. कारणावाचून पुन:पुन्हा येणारे उद्गार, निद्रा व जांभया यांनी ग्रासलेले बालक पाहून छर्दीचे अनुमान करावे, असे तेथे सुचविले आहे. केवळ बाहेर पडलेल्या दुधाकडे न पाहता संपूर्ण बालकाकडे पाहावे, हा त्यातील बोध आजही तितकाच मोलाचा आहे.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात स्तन्याचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांपैकी अतिस्निग्ध स्तन्याच्या सेवनाने बालकात वमन, कुंथणे व लालास्राव होतो, असे वर्णन येते. वाग्भटाचार्यांनी उत्तरस्थानात वर्णिलेल्या क्षीरालसकात छर्दीबरोबर ज्वर, दुर्गंधी द्रवमल, अरुची इत्यादी लक्षणे असून त्या अवस्थेस अतिशय दारुण म्हटले आहे. म्हणजे साध्या गुळणीला घाबरू नये, पण सर्वांगीण लक्षणे असलेल्या छर्दीला क्षुल्लक समजू नये, ही मर्यादा आपल्या आचार्यांनीच घालून दिली आहे.

तथापि या विषयातील सर्वांत व्यवहार्य सूत्र सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात सापडते. स्तनपानापूर्वी थोडे दूध पिळून काढावे. तसे न करता ताठरलेला, दुधाने अतिभरलेला स्तन बालकास दिल्यास त्याच्या स्रोतसांत दूध एकदम उसळते आणि कास, श्वास व वमी उत्पन्न होतात, असा त्याचा आशय आहे. दुधाची जोराची धार आणि त्यामुळे बाळाला लागणारा ठसका यांचे इतके अचूक निरीक्षण पाहून आजच्या स्तनपान-मार्गदर्शकालाही नवल वाटेल.

येथे रायगडाच्या हिरकणीची आठवण होते. सायंकाळी गडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेल्या त्या गवळणीची कथा आपण मातृप्रेमाची कथा म्हणून सांगतो. तिच्यात शरीराचे सत्यही आहे. तासन्‌तास ताटातूट झाली की एकीकडे आईचे स्तन दाटून येतात आणि दुसरीकडे बाळ भुकेने कासावीस होते. दोघांची भेट होताच भुकेले बाळ हवा गिळत, घाईघाईने, जोराच्या धारेचे दूध पिते आणि थोड्याच वेळात गुळणी टाकते. दिवसभर दुकानात बसणाऱ्या, हॉटेलात राबणाऱ्या अथवा दर्शनरांगेत उभ्या असलेल्या मातेची स्थिती याहून वेगळी नसते. बसस्थानके व सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी ‘हिरकणी कक्ष’ उभारण्याची कल्पना महाराष्ट्रात रुजली, ती या दृष्टीने उचितच होय. यात्रेस येणाऱ्या मातेला आपण प्रथम हेच सांगावे की, रांगेत शिरण्यापूर्वी बाळाला शांतपणे पाजा. ते रडून लाल होण्याची वाट पाहू नका.

निदानपरिवर्जन हीच चिकित्सा

क्षीरप बालकाच्या चिकित्सेत आधी धात्रीकडे पाहावे, हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. गुळणी टाकणाऱ्या परंतु वजन वाढणाऱ्या बाळास कोणतेही औषध न देता पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. स्तनग्रहण : एकदा तरी आईला आपल्यासमोर, योग्य आडोशात, स्तनपान करविण्यास सांगावे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतालचा बराचसा काळा भाग मुखात असावा. केवळ स्तनाग्र मुखात असल्यास बाळ दुधाबरोबर हवा गिळते.

२. दुधाची धार : ठसका लागत असल्यास सुश्रुतोक्त रीतीने आरंभीचे थोडे दूध पिळून काढावे, अथवा आईने मागे रेलून बसून पाजावे. मात्र प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतील चीक कदापि पिळून टाकू नये. बाळाला तो जन्मानंतर एका तासाच्या आतच मिळाला पाहिजे.

३. मात्रा : बाळाने तोंड फिरवले की थांबावे. प्रत्येक रडणे भुकेचे नसते. वरचे दूध देणे अपरिहार्यच असेल तर पावडरचे प्रमाण डब्यावरील सूचनेप्रमाणे काटेकोर ठेवावे आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याचा किंवा स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याचा वापर करावा. बाटली संपविण्याच्या आग्रहातून होणारे अतिपान हे गुळणीचे मोठे कारण आहे.

४. पाजल्यानंतरची स्थिती : वीस ते तीस मिनिटे बाळाला खांद्याशी उभे धरावे. लंगोट पाजण्यापूर्वीच बदलावा आणि पोटावर घट्ट गुंडाळू नये. तेल लावणे, न्हाऊ घालणे, पाय पोटाशी दाबून व्यायाम देणे, झोळीत जोराने झोके देणे या क्रिया पाजल्यानंतर लगेच करू नयेत. प्रवासात आसनावर पोट दुमडून, घडी पडल्यासारखे बसविल्यानेही दूध वर येते.

५. ढेकर : पाठीवर हलका हात फिरवून ढेकर काढण्यास हरकत नाही, परंतु जोराने थापटू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंदीगड येथील एका तुलनात्मक अभ्यासात ढेकर काढल्याने पोटशूळ कमी झाला नाही आणि गुळणीचे प्रमाण उलट वाढलेले आढळले. ढेकर आलीच पाहिजे या हट्टाने झोपलेल्या बाळाला उठविण्याचे कारण नाही.

६. झोप : गुळणी टाकणाऱ्या बाळालाही उताणेच झोपवावे. दूध घशात अडकेल या भीतीने पालथे किंवा कुशीवर झोपविण्याची पद्धत आहे. परंतु पालथ्या झोपेने आकस्मिक शिशुमृत्यूचा धोका वाढतो, हे आता निश्चित झाले आहे. उताण्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, म्हणून वर आलेले दूध तिच्यात सहसा शिरत नाही. डोक्याखाली उशा रचू नयेत.

७. धूर व तंबाखू : घरातील विडी-सिगारेटचा धूर आणि आईची मिशरी ही दोन्ही थांबवावीत. मिशरीतील निकोटीन स्तन्यात उतरते. बाळंतिणीच्या खोलीतील ओव्या-धुपाची दाट धुरीही बाळाच्या श्वासमार्गास त्रासदायक ठरते.

मातेच्या आहाराबाबत तारतम्य हवे. अग्नी मंद असताना डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप यांचा मारा करू नये. भूक पाहून लघु, ताजा, उष्ण आहार द्यावा आणि जिरे, ओवा, सुंठ, बडीशेप यांची योजना पचनशक्तीनुसार करावी. पण ‘आईचे दूध बाधते’ असा निष्कर्ष काढून तिला उपाशी ठेवणे वा स्तनपान तोडणे सर्वथा अयोग्य आहे. स्तन्यदुष्टीचा विचार मातेच्या चिकित्सेसाठी सांगितलेला आहे. बाळाचे दूध हिरावून घेण्यासाठी तो नाही. शौचात रक्त, अंगावर चट्टे आणि वजन न वाढणे अशी लक्षणे गुळणीसोबत असतील, तर गाईच्या दुधातील प्रथिनांची असात्म्यता लक्षात घ्यावी. अशा वेळी बालरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने मातेच्या आहारातून दुग्धजन्य पदार्थ दोन ते चार आठवडे वर्ज्य करून पाहावेत, मात्र स्तनपान चालूच ठेवावे.

गुटी, मध आणि उदी

येथे काही स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या घराघरांत सहाणेवर गुटी उगाळली जाते. हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, अतिविष, जायफळ, वेखंड यांचे मोजके वेढे जाणत्या हातांनी देण्याची ती परंपरा आहे. पण बाळ दूध टाकते म्हणून वेढे वाढविले जातात, तेव्हा काय घडते? वेखंड अधिक मात्रेत वामक आहे, म्हणजे जे थांबवायचे तेच वाढते. जायफळ अधिक मात्रेत गुंगी आणते, आणि गुंगलेले बाळ दूध पीत नाही. शिवाय सहाण, खोड आणि पाणी यांची स्वच्छता राहिली नाही तर अतिसाराला आमंत्रण मिळते. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची भूमिका असून शासनाच्या कार्यक्रमांतही तीच स्वीकारलेली आहे. निरोगी बाळाच्या गुळणीवर गुटीची आवश्यकता नाही, हे आपणच सांगितले तर लोक अधिक विश्वासाने ऐकतील.

मधाविषयीही तसेच. आपले अनेक बालयोग मधाच्या अनुपानाने सांगितलेले आहेत. बालचतुर्भद्र हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु मधात असू शकणारे बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू एक वर्षाखालील बालकाच्या आतड्यात वाढून पक्षाघातासारखी अवस्था उत्पन्न करू शकतात, हे आता सिद्ध आहे. म्हणून वर्षाच्या आत मध नको, मग तो चाटणात असो वा सुवर्णप्राशनात. नव्या ज्ञानाने अनुपान बदलले म्हणून शास्त्र उणे होत नाही.

शिर्डीत आणखी एक प्रश्न हळुवारपणे हाताळावा लागतो, तो म्हणजे उदीचा. बाळ दूध टाकू लागले की श्रद्धेने उदीची चिमूट त्याच्या जिभेवर ठेवली जाते, कधी प्रसादाचा पेढाही चाटविला जातो. श्रद्धेचा अवमान न करता इतकेच सुचवावे की, उदी बाळाच्या कपाळी लावावी आणि पेढा आईने खावा. प्रसाद आईच्या मुखी गेला की तो बाळालाच पोहोचला, असे म्हटल्यावर नाराज होणारी आजी विरळाच.

हाच संयम आधुनिक औषधांबाबतही हवा. हसऱ्या, वाढत्या बाळाला केवळ गुळणीसाठी अम्लनाशक किंवा वांती थांबविणारे थेंब देऊ नयेत, असेच आज बालरोगशास्त्रही सांगते.

थांबू नये अशी लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास आपल्या चिकित्सालयात औषधयोजना करीत वेळ दवडू नये.

हिरवी वांती, मग बाळ कितीही दिवसांचे असो. पित्तज छर्दीच्या वर्णनात हरित वर्ण येतो, आणि तेवढ्यावरून एखाद्या वैद्याला शीतल पित्तशामक योजनेचा मोह होऊ शकतो. तान्ह्या बाळाची हिरवी वांती ही, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, आतड्याच्या अवरोधाची खूण मानावी. आतड्याला पीळ पडला असेल तर रक्तपुरवठा खंडित होऊन काही तासांत आतडे मृत होते. ही शस्त्रकर्माची अवस्था आहे.

बहुधा तीन ते सहा आठवडे वयात सुरू होणारी, प्रत्येक वेळी पाजल्यावर कारंज्यासारखी दूर उडणारी वांती आणि त्यानंतर लगेच पुन्हा भूक लागणे. यात आमाशयाच्या निर्गमद्वाराचा स्नायू जाड होऊन मार्ग अरुंद झालेला असतो. मुलग्यांत हा विकार अधिक आढळतो.

वांतीत वा शौचात रक्त, फुगलेले व ताठ पोट, ज्वर, उंचावलेली टाळू, सतत झोपाळूपणा, दूध पिण्यास नकार, झटके, श्वासाचा त्रास, निळसरपणा. सहा ते आठ तास लघवी न होणे, टाळू खोल जाणे, तोंड कोरडे पडणे. सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा वर्षानंतरही चालू राहिलेली वांती.

पोट फुगले म्हणून बाळाच्या पोटावर डाग देण्याचे प्रकार मेळघाटासारख्या भागांतून अजूनही ऐकू येतात. असा बालक आपल्यासमोर आला तर डागाइतकाच त्यामागील पोटफुगीचा शोध तातडीने घेतला पाहिजे.

दूध घशात अडकून बाळाला श्वास घेता येत नसेल, रडण्याचा आवाजही फुटत नसेल, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. उपयोग न झाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब द्यावेत आणि हाच क्रम चालू ठेवावा. पाय धरून उलटे टांगू नये, घशात आंधळेपणाने बोट घालू नये.

आपल्या परिसरात बालशल्यचिकित्सेची सोय कोठे आहे, याची चौकशी प्रत्येकाने आधीच करून ठेवावी. लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच तालुक्यात आहे, नाशिकचाही मार्ग आहे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. यात्रेकरू कुटुंबाला हे काहीच ठाऊक नसते, म्हणून त्यांच्याबाबतीत आपली जबाबदारी दुप्पट ठरते.

तराजू हाच साक्षी

संदेह राहिलाच तर तराजूला विचारावे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दररोज साधारणतः वीस ते तीस ग्रॅम वाढते, जन्मानंतर किंचित घटलेले वजन बहुधा दोन आठवड्यांत भरून येते, आणि पुरेसे दूध मिळणारे बाळ दिवसातून सहा वा अधिक वेळा लघवी करते. अंगणवाडीतील माता व बाल संरक्षण कार्डावरील वृद्धिरेषा वर चढत असेल, तर दुपट्यावरील डाग हा केवळ धुण्याचा विषय आहे. ती रेषा सपाट झाली वा खाली वळली, तर तोच डाग रोगाची सूचना ठरतो. म्हणून प्रत्येक वैद्याच्या चिकित्सालयात बाळाचे वजन करण्याचा काटा असावा, आणि नाडी पाहण्याइतक्याच सहजतेने तो वापरला जावा.

आपल्याकडे आलेली माता औषध मागते. तिला औषधाविना परत पाठविणे व्यवसायाच्या दृष्टीने अवघड वाटते, हे मान्य करावे लागेल. परंतु स्तनग्रहण सुधारून, बाळाचे वजन लिहून, धोक्याची लक्षणे कागदावर देऊन आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलावून तिला निरोप देणे, हीसुद्धा परिपूर्ण चिकित्साच आहे. ज्या बाळाला औषधाची गरज नाही ते ओळखणे आणि ज्याला आपल्या औषधाचा उपयोग नाही ते तत्क्षणी पुढे पाठविणे, या दोन गोष्टी साधल्या तर शिर्डीहून परतणारे प्रत्येक बाळ सुखरूप घरी पोहोचण्यास आपलाही हातभार लागेल.